सहावा कागद

राइली: कॉफीत चीज टाकू, नेहमीसारखं?

आंते: ही खुर्ची इथे नव्हती.

राइली: थंडी सुरू झाली की कंबर धरते बघ माझी.

आंते: पोस्टात आज रांग नव्हती.

राइली: कुत्र्याला बाहेर बर्फगाडीवरच ठेवलंस? तुइस्कूच आणलायस ना? घे की त्याला आत. जन्मला तो या घरात.

आंते: घेतलाय. तुझ्या मागे उभा आहे. ताई, दिवा बंद कर.

राइली: भर दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागतो, तोही बंद करू? डिसेंबर आहे रे बाबा, सूर्य उगवतच नाही.

आंते: कर ना.

राइली: हं, केला.

आंते: तुइस्कू! ये. इकडे ये.

(खुर्ची पडते.)

राइली: अगंबाई! लागलं का रे बाळा?

आंते: मला तुझा चेहरा दिसतोय. खिडकीबाहेरचं बर्फ दिसतंय. त्याला खुर्ची दिसत नाही.

राइली: वय झालं असेल.

आंते: साडेचार वर्षं! मागच्या आठवड्यात रेनडियर वळवायला पाठवला, तर कळप एकीकडे आणि हा कुंपणाच्या खांबावर आदळला. सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, कुत्र्याची रात्रीची उतरलेली दिसत नाही.

राइली: मग?

आंते: मग डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. दोष आईकडूनही आलाय, बापाकडूनही. आधी अंधारातली नजर जाते, मग उजेडातली. औषध नाही.

राइली: बिचारा.

आंते: त्या म्हणाल्या, राइलीकडचं पिल्लू ना, मग तपासणीचा कागद असेलच. कागदाशिवाय ती पिल्लू देतच नाही.

राइली: कॉफी गार होतेय.

आंते: मला का नव्हता कागद?

राइली: तू घरचा. घरच्याला कसले कागद?

आंते: मीही लोकांना हेच सांगत फिरलो. ऐटीत. त्या वेळी सहा पिल्लं होती. गालातून नमुने किती जणांचे घेतलेस?

राइली: आंते...

आंते: किती?

राइली: सहा.

आंते: मग सहावा कागद कुठाय?

राइली: ड्रॉवरमध्ये. अरे, आईबाप दोघं ठणठणीत! कोणाला वाटलं होतं? सहातलं एकच तसं निघालं. काय करायचं होतं मी, मारून टाकायचं? परक्याला दिलं असतं तर चार वर्षांनी त्यानं गावभर बोंब मारली असती. माझ्याकडचं एक पिल्लू कोणी घेतलं नसतं. तीस वर्षं घातलीत मी या कुत्र्यांत.

आंते: आणि मी बोंब मारणार नव्हतो.

राइली: तू भाऊ आहेस माझा.

आंते: म्हणून आंधळं होणारं मला.

राइली: सांगणार होते रे. दर नाताळला ठरवायचे. तू यायचास ते त्याचंच कौतुक करत. कसा धावतो, कसा वळवतो. तोंड उघडायचं नाही माझं.

आंते: येत्या मार्चमध्ये त्याच्या आईबापांची जोडी पुन्हा लावणार होतीस.

राइली: नाही लावणार. शपथ. पण कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संघाला कळवू नकोस. एवढं ऐक माझं.

आंते: डॉक्टरीणबाईंचा अहवाल सकाळीच पोस्टात टाकला. इकडे यायच्या आधी.

राइली: आधी? मला न विचारता?

आंते: विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, भाऊ आहेस माझा. आणि मी पाठवला नसता.

राइली: जा मग. काय उरलंय आता इथे.

आंते: दिवा लाव. त्याला दार सापडत नाहीये.

राइली: लावला. ये तुइस्कू. इकडून, बाळा, इकडून.

आंते: एकवीस जूनला तू त्याला टोपलीतून माझ्याकडे आणलंस. मी विचारलं होतं, अंधाराला भितो का? तू म्हणालीस, रात्रीही उजेडच, ऑगस्टपर्यंत अंधार आहेच कुठे.