डाव्या हाताची मिठी

आयोवातल्या छोट्या बेसबॉल मैदानावर लोरेटा सॉसेजच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या माणसाचा थोरला भाऊ स्टँडमधून धापा टाकत आला.

“मर्ल, माझ्या पोराला, कोडीला मोठ्या संघाचं बोलावणं आलं!”

“काय सांगतोस, दादा! कोण म्हणालं?”

“म्हणायला कशाला हवं? डाव अर्धा असताना त्याला बाहेर काढलं आणि बाकावरची पोरं एकेक करून मिठ्या मारायला लागली. वर चाललेल्या पोराला इथे असाच निरोप देतात ना?”

“देतात खरा. पण संघाचे साहेब लोक तर म्हणायचे, पोरगं अजून तयार नाही, चेंडूला वेग कमी पडतो.”

“म्हणून तर या मोसमात जीव खाऊन फेकत होता! आजचा शेवटचा चेंडू बघायला हवा होतास. असा फेकला, की स्वतःच ओरडला.”

“ओरडला?”

“जोशात रे!”

“मग त्यानंही मिठ्या मारल्या?”

“सगळ्यांना. डाव्या हातानं.”

“आणि उजवा? फेकायचा हात?”

“तो डॉक्टरनं धरला होता, अगदी जपून. आता किंमत आली ना त्या हाताला!”

रांग पुढे सरकली. मर्ल जागचा हलला नाही. लोरेटानंही त्याला पुढे व्हा म्हटलं नाही.