तांबेऱ्याला एक मत

—छे हो, थट्टा नाही करत मी, आधी सांगा, थोर कोण? गव्हावरचा तांबेरा की देवमासा? हसताय काय! या घरात येणाऱ्या प्रत्येकानं मत द्यायचं, असा नियमच आहे आमचा—मीटर बघायला येणाऱ्यानंसुद्धा दिलंय. वॉशिंग मशीनचं बघा सावकाश, हात चालू दे, कान तेवढा इकडे द्या.

तर तांबेरा म्हणजे माझी बुरशी. जन्म गेला माझा प्रयोगशाळेत, पानांवरची ती विटकरी पूड बघण्यात. आणि देवमासा आमच्या ह्यांचा—महिनेन् महिने बोटीवर, कानाला यंत्र लावून त्याच्या हाका ऐकायच्या, नि घरी आले की मला ऐकवायच्या! मी म्हणायची, केवढं ते धूड, पण श्वास घ्यायला वर यावंच लागतं ना? माझा तांबेरा बघा, नुसत्या डोळ्यांना कण दिसत नाही, पण वाऱ्यावर बसून तुमचा समुद्र पार करतो! की हे चिडलेच. म्हणायचे, तुझा तांबेरा फुकट्या, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा—माझी देवमाशीण पिल्लाला दूध पाजते, कोसांवरून साद घालते, नि पलीकडून ओ येते! पण मी गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, असेल फुकट्या, पण मेलेल्या पानावर वाढत नाही तो. बशीत ठेवा, लाड करा, खाऊपिऊ घाला—नाही म्हणजे नाही. त्याला जिवंत पानच लागतं. पान गेलं की—

काय म्हणालात? प्लग काढलेला होता? असेल, निघाला असेल... नाही, मीच काढला. झालं समाधान? मागच्या वर्षी हे गेले. तेव्हापासून दाराची बेल वाजते ती चुकूनच, शेजाऱ्यांकडे आलेल्यांची. दोन्ही बाजूंनी मी एकटीच भांडते हो—पण त्यांच्या बाजूनं बोलायला लागले की माझा आवाजच फुटत नाही. फार एकटं वाटतं. म्हटलं, तुम्ही तरी देवमाशाला मत द्याल, जरा वाद घालाल माझ्याशी—

तांबेरा? तांबेरा म्हणालात? अहो, मला बरं वाटावं म्हणून नका हो... खरंच? म्हणजे जिंकले की मी. आमच्यात हरेल त्यानं चहा करायचा असायचा—नाही नाही, तुम्ही कशाला उठताय, तुम्ही कुठे हरलात? हरले ते हे. बसा... नको, जाच तुम्ही आता. दार ओढून घ्या.