गल्लीला गल्ली भेटंना

...न्हाई, पर तुमीच सांगा, दवाखान्याची कौलं समोर दिसत्यात, हाळी मारली तर डाक्टर वळून बघंल, आन गाडीला फुडं रस्ता न्हाई! तुमाला सांगतो, आमचा शेजारी आसाराम, नगराबाहिर सावेडीच्या माळावर त्याची वस्ती. त्याच्या बायकूला, भागूबाईला, भर दुपारी कळा सुरू झाल्या. त्यानं बैलगाडी जुपली. बांधावरनं सरळ गाडीवाट हुती हो नगरात जायाला, बापजाद्यापास्नं! पर दुष्काळ पडला, ज्यानं त्यानं वावरं इकली, आन एका वावराची एक सोसायटी! हिच्या गल्लीचं तोंड हिकडं, तिच्या गल्लीचं तिकडं, भांडलेल्या जावांवानी!

पैल्या गल्लीत बैलं घातली, तर शेवटाला भिताड. पायजम्यातले एक साहेब म्हनत्यात, "अहो, पुढे रस्ता नाही." "आवो, बायकू अडलीया माजी!" "ते खरं हो, पण पुढे रस्ता नाही!" गल्ली अरुंद, बैलं वळंनात, मागं रेटत रेटत आनली. दुसऱ्या गल्लीत तारंचं कुंपन. तिसऱ्यात... आता तिसऱ्यात काय असनार? भिताडच की! फुडं रस्ता न्हाई! गाडीत भागूबाई वरडतीया, "धनी, मी न्हाई जगत आता..." आन आसाराम, एवढा दांडगा गडी, जू धरून ल्हान पोरावानी रडाया लागला.

तवर तिथल्या बंगल्यातनं पुष्पावतीबाई म्हनून एक बाई भाईर आल्या. गाडीत डोकावल्या आन नवऱ्यावर कडाडल्या, "बघत काय उभे राहिलात? पाणी तापवा!" त्यांच्याच व्हरांड्यात, लुगड्याच्या आडोशाला, पोरगी झाली. दोघी सुखरूप. सांजंला वस्तीवर परतल्यावर आसाराम मला म्हनला, "मामा, ह्या गल्ल्या एकमेकीला जोडल्या असत्या तर कुनाचं काय गेलं असतं?"

आन परवा ऐकतो काय, आसारामानंबी वावराचं पलाट पाडलं! माझी वस्ती त्याच्या मागं. पळतच गेलो. "आरं आसारामा, माझ्या गाडीवाटंचं काय?" त्यानं मान खाली घातली. "मामा... वाट सोडली तर दोन पलाट जात्यात."

आता काय बोलावं, सांगा! आमच्या सुनंला सातवा लागलाय. हे दुसरं, आमच्याकडंच व्हायाचं. पर कालच तिला म्हायेरी धाडली, सोनईला... तितं अजून गल्लीला गल्ली भेटतीया म्हनं!