डावी नळी

आदरणीय अध्यक्ष शरच्चंद्रकाका, व्यासपीठावर बसलेले आमच्या दुकानाचे मालक सुधींद्रराव, आजचे सत्कारमूर्ती पद्माकर अण्णा, आपली खुर्ची रिकामी ठेवून मघापासून कॉफीच्या पिंपापाशीच उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी प्रतिमाअक्का, आणि मंडळाच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंगळूरकर बंधू-भगिनींनो, सर्वांना अवधूतचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘दोन शब्द’ असं छापलंय. मी वहीची चार पानं लिहून आणलीत. काका, घंटी तेवढी वाजवू नका. माझी शाळा सातवीत सुटली, पण घंटी ऐकली की अजून मी उठून पळतो.

आधीच्या वक्त्यांनी फार छान सांगितलं. एकतीस वर्षं अण्णा एकाच दुकानात, एकाच टेबलापाशी बसून बंदुका दुरुस्त करत आले. मला या गोष्टीचं जेवढं नवल वाटतं तेवढं इथं कुणालाच वाटत नसेल. मी मूळचा अकोल्याकडचा, रिसोडचा. पुण्यात गॅरेजमध्ये चार महिने, औरंगाबादला लेथवर पाच महिने, मग एक दिवस मशीन घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये चढलो आणि जिथं ट्रक थांबला ते गाव बंगळूर निघालं. साल १९९३. कँटोन्मेंटातल्या आमच्या दुकानात मी विचारायला गेलो तेव्हा आतल्या टेबलावरून अण्णांनी मान वर केली.

“काय येतं?”

“लेथ येतो.”

“बसायला येतं?”

मी म्हटलं, “ते शिकतो.”

“मग ते आधी शिक. स्वल्प बस तिथं.”

स्वल्प म्हणजे थोडं. हे मला नंतर कळलं. अण्णांचं घराणं चार पिढ्या इथलं, त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. ते ‘सरी, सरी’ म्हणाले की मी खिडकीबाहेर पाऊस आला का बघायचो. त्यांना म्हणायचं असायचं, ठीक आहे. आता तुम्ही हसताय. मला पहिले पंधरा दिवस वाटायचं, हा माणूस माझ्याशी बोलतोय की स्वतःशी?

इथं बसलेल्या बहुतेकांचा बंदुकीशी संबंध सव्वीस जानेवारीच्या संचलनापुरता. म्हणून अण्णांचं काम काय होतं ते त्यांनी मला सांगितलं तसंच सांगतो. दुकानामागे पाण्याचा पाइप होता. अण्णांनी नळ सोडला आणि म्हणाले, “तोंड अंगठ्यानं दाब.” दाबलं. धार लांब गेली. “हा चोक. बंदुकीची नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते. त्यानं छर्रे एकत्र राहतात, लांब जातात. आता सांग, या पाइपातून पाण्याऐवजी लिंबू सोडलं तर?”

मी म्हटलं, “अडकेल.”

“लिंबू म्हणजे गोळी. स्लग म्हणतात तिला. छर्ऱ्यांच्या जागी एकच शिशाचा गोळा. म्हणून गिऱ्हाईक गोळीचं काडतूस मागायला आलं की आधी काडतुसाच्या कपाटाकडे जायचं नाही. आधी त्याची नळी बघायची.”

आता चोक म्हणजे किती आवळ? पूर्ण चोक झाला तरी सगळा मिळून मिलिमीटरभर. अण्णांकडे चष्म्याची एक डबी आहे. तिच्यात चार पितळी गुल्ल्या. स्वतः कातून घेतलेल्या, एकीपेक्षा एक केसभर बारीक. नळीच्या तोंडात एकेक गुल्ली घालून बघायची. सगळ्यांत जाड गुल्ली सहज गेली तर नळी सरळ, गोळी खुशाल वापरा. दुसरी-तिसरी गेली तर अर्धा-पाऊण चोक, तिथं मऊ शिशाची, अंगावर चरे असलेली गोळी चालते, ती दबून निघते. चौथी, सगळ्यांत बारीक तेवढीच गेली, की पूर्ण चोक. तिथं गोळी नाही म्हणजे नाही. एकदा मी विचारलं, “अण्णा, एवढी वर्षं झाली, तुम्हाला डोळ्यानंच कळत असेल की.” तर म्हणाले, “डोळ्यानं कळत असतं तर चष्म्याच्या डबीत मी चष्मा नसता का ठेवला?”

पण बोटानं त्यांना कळायचं. वीज गेली की आम्ही त्यांची परीक्षा घ्यायचो. हातात नळी द्यायची, ते अंगठा आत फिरवायचे आणि सांगायचे, “अर्धा. आणि आतून कुणीतरी चुकीच्या ब्रशनं घासलीय.” तो ब्रश बहुधा माझाच असायचा.

एकदा एक निवृत्त कर्नलसाहेब आले. आजोबांची बंदूक. म्हणाले, तोंडाशी दोन-अडीच इंच गंज चढलाय, घासून गुळगुळीत करून द्या. मी लगेच पॉलिश पेपर काढला. कष्टाळू माणूस मी! अण्णांनी माझं मनगट धरलं. “अरे, गंज नाही तो. आटे आहेत. मुद्दाम पाडलेत.” अशी नळी मागं गुळगुळीत आणि तोंडाशी आट्यांची असते. छर्रेही चालतात, आणि गोळी आट्यांतून गरगर फिरत निघते, म्हणून सरळ जाते. कर्नलसाहेबांनी चाळीस वर्षं त्या बंदुकीनं बाटल्या फोडल्या होत्या आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं. पाच मिनिटं ते आणि ती बंदूक एकमेकांकडे बघत बसले.

तसंच कुणी परदेशातून नव्या तऱ्हेची काडतुसं आणली. पांढऱ्या प्लास्टिकच्या कवचात बसवलेली बारीक गोळी. साधी गुळगुळीत नळी असलेल्यांना त्यांची फार हौस. अण्णा सांगायचे, “हे झबलं घातलेलं बाळ आहे. नळीत शेवटपर्यंत आटे असतील तरच ते झबलं धरतात आणि बाळ फिरवतात. तुझ्या नळीत धरायला कोण आहे?” गिऱ्हाईक रागावून जायचं. सुधींद्ररावही थोडे रागवायचे. माफ करा हं साहेब, पण आज निरोप आहे म्हणून बोलतो.

किती सांगू? टेबलाखाली ठेवलेला अण्णांचा स्टोव्ह, दुपारी चारला त्यावर कॉफी, बंदुकीच्या तेलाच्या वासात मिसळलेला तो वास. अक्कांनी डब्यात माझ्यासाठी वेगळी भाकरी घालायची, कारण मला भात पोटाला पुरत नाही. एका वर्षात तीन गावं बदलणारा मी, चार वर्षं त्या स्टोव्हपाशी बसलो. माझ्या आईला पत्रात कळवलं तर तिचा विश्वास बसेना. तिनं उलट विचारलं, आजारी आहेस का?

आता ज्यासाठी उभा राहिलो ते बोलतो.

मघाशी एका वक्त्यांनी म्हटलं, अण्णांच्या दृष्टीनं शेवटी साथ सोडली, तरी त्यांनी दुकान सोडलं नाही. दुसऱ्यांनीही तेच म्हटलं. दुकानातर्फे अण्णांना भेट आहे ती आपण पाहिलीतच. शालीशेजारी ठेवलंय ते, दिवा लावलेलं मोठं भिंग. प्रेमानंच आणलंय, मी जाणतो. पण अण्णा त्याच्याकडे बघत नाहीयेत, हे मला इथून दिसतंय.

अण्णांची दृष्टी गेली, हे बंगळुरात कधीपासून म्हणतात? ऑगस्ट १९९३ पासून. त्या महिन्यात सकलेशपूरच्या कॉफीमळ्याचे प्राणेशसाहेब आपली दुनळी घेऊन आले होते. वडिलांची बंदूक. मागचा लाकडी दस्ता सैल झाला होता. मळ्यात रानडुकरं उतरायची, वनखात्याचं पत्र होतं, त्यामुळे गोळीची काडतुसंही हवी होती. अण्णांनी गुल्ल्या घातल्या. उजवी नळी सरळ. डावी पूर्ण चोक. दस्ता बसवला आणि चाचणीसाठी आम्ही कनकपुरा रस्त्यापलीकडच्या बंद दगडखाणीत गेलो. ती जागा दुकानाला परवान्यात मिळालेली. सुधींद्रराव आणि प्राणेशसाहेब मागं ढिगाऱ्याआड झाडाखाली, तिथून ना आम्ही दिसत होतो ना बोलणं नीट ऐकू जात होतं, अण्णा लांब निशाणाचा कागद लावून परत येत होते. बंदूक लाकडी घोडीवर आवळलेली, चापाला दोरी. काडतूस भरायला मी. दुकानात मला तेव्हा अठरा दिवस झाले होते, पाइपाचा तो धडा अजून व्हायचा होता.

मी बंदूक उघडली. काडतूस हातात. जुन्या धाटणीची, कडक शिशाची, नळीत घट्ट बसणारी गोळी. लांबून अण्णांनी माझा हात कुठं चाललाय ते पाहिलं आणि ओरडले,

“येडा बेडा! येडा बेडा!”

तुमच्यातले जुने बंगळूरकर हसले, बघा. त्यांना कळलं. कन्नडमध्ये ‘येडा’ म्हणजे डावा, ‘बेडा’ म्हणजे नको. डावी नको! पण मी रिसोडचा. आमच्याकडे येडा म्हणजे येडाच. मला वाटलं, अण्णा मला लोकांदेखत येडा-बिडा म्हणतायत. अठरा दिवसांत मला इतकं घालूनपाडून कुणी बोललं नव्हतं. डोकं सणकलं. म्हटलं, दाखवतोच येडा कोण ते. डाव्या नळीत काडतूस घातलं, बंदूक मिटली, मागं सरलो आणि दोरी ओढली.

आवाज नेहमीसारखा नव्हता. नळीच्या तोंडापासून चार बोटांवर कडं चढवल्यासारखी फूग आली. कुणाला लागलं नाही, हे आपल्या सगळ्यांचं नशीब. अण्णा निशाणाच्या वाटेतून बाजूला झाले होते. आणखी दहा पावलं मधेच असते तर? मी आजही तो विचार पुरा करत नाही.

प्राणेशसाहेब धावत आले. त्यांनी नळीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, “अप्पांची होती ही.” सुधींद्ररावांनी विचारलं, “कुणी भरली?” मी तोंड उघडलं. माझ्या आधी अण्णा बोलले.

“मी भरली. नजर चुकली. डावी-उजवी कळली नाही.”

सुधींद्रराव, तुमचा दोष नाही. तुम्ही विश्वास ठेवलात. ज्याला डावी-उजवी दिसत नाही त्याच्या हाती नळी द्यायची नाही, कोणताही मालक हेच ठरवील. त्या दिवसापासून चाचणीचं काम बाहेर गेलं. नळ्यांचं काम गेलं. अण्णांकडे उरले स्क्रू आणि स्प्रिंगा, आणि टेबलावरून गिऱ्हाइकाला सल्ला नि मला धडे. चार वर्षं! आणि गावात पसरलं, पद्माकर अण्णांना आता दिसत नाही.

त्या संध्याकाळी स्टोव्हपाशी मी रडलो. म्हटलं, आत्ता जाऊन सांगतो. अण्णा म्हणाले, “सांगितलंस तर उद्या ट्रकात बसशील. परवा आणखी कुठं. तू कुठंतरी टिकून बसलेला मला बघायचाय.” मी म्हटलं, चूक माझी आहे. तर म्हणाले, “निम्मी माझी. तुला मराठीच येते आणि मी घाईत कन्नडमध्ये ओरडलो. मी दुकानात आहे तोवर या विषयावर बोलायचं नाही. घे शपथ.” मी घेतली.

आज संध्याकाळी पाच वाजता अण्णांनी दुकानाच्या हजेरीवर शेवटची सही केली. आता या घड्याळात पावणेसात झालेत. पावणेदोन तास मी शपथेतून मोकळा आहे.

अण्णा, खाली बसा. आज मी तुमचं ऐकणार नाही.

हे माझ्या हातात आहे ते पाहा. प्राणेशसाहेबांच्या दोन्ही नळ्या अण्णांनी पुढून कापून सारख्या करून दिल्या, डावीचा चोकही त्यात गेला, त्यांच्या हातचं ते शेवटचं नळीचं काम. हा कापलेला तुकडा, फुगलेला. अण्णांनी फेकला होता, मी ठेवला. हा मी व्यासपीठावर, सुधींद्ररावांपुढे ठेवतो. साहेब, हे माझं आहे. अण्णांच्या डोळ्यांचं नाही.

काल एसटीडी बूथवरून मी प्राणेशसाहेबांना सकलेशपूरला फोन लावला आणि त्यांनाही हे सांगितलं. बूथवाल्याच्या यंत्रावरचे लाल आकडे पळत होते आणि मी खिशातले पैसे चाचपत होतो. मग ते म्हणाले, “चार वर्षं मी त्यांना आंधळा म्हणत आलो.” मग म्हणाले, “बंदूक आता दोन्ही नळ्यांनी गोळी सरळ मारते. दस्ता तेवढा पुन्हा हलतोय. सोमवारी घेऊन येतो. पण चाचणीला अण्णाच हवेत.”

तर सुधींद्रराव, माझी विनंती एवढीच. सोमवारी एक दिवस अण्णांना खाणीवर येऊ द्या. नळी ते तपासतील, काडतूस ते निवडतील, घोडीपाशी तेच उभे राहतील. मी दोरीला हात लावणार नाही. मला काढायचं असेल तर मंगळवारपासून काढा, माझी तक्रार नाही. आणि ते भिंग अण्णांना देऊ नका. मला द्या. त्या दिवशी खाणीत ज्याला दिसलं नव्हतं तो मी.

अध्यक्षमहाराज, आपण मला वेळ दिलात, घंटी वाजवली नाहीत, आभारी आहे. मंडळाचे, अक्कांच्या कॉफीचे, आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. भाषण संपवताना सगळे म्हणतात, बोलण्यात काही डावं-उजवं झालं असेल तर माफ करा. अण्णा, माझ्या हातून उजवं काही झालं नव्हतं. डावं तेवढं झालं. तेवढं माफ करा.