खडकवस्तीपाशी अडलेली नवी आवृत्ती

(दुपारची सामसूम. पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन घुर्र… घुर्र… करत सरकतो. पडायच्या आत एक हात त्याला धरतो.)

हॅलो?

हॅलो, कोण?… अगं मादू! हळू बोल, हळू. रुद्राणी आत्ताच झोपलीय, माझ्या पायावरच. …न्हाई गं, तुझ्या आवाजानं न्हाई उठायची ती, माझ्या आवाजानं उठंल. तू बोल. …तुझ्या मागं कसला गोंगाट?… बरं, गाडी भरून राहिलेत होय. केळी नीट ठेवायला सांग त्यांना, नाहीतर लातूरला यायच्या आत शिकरण होतंय.

काय म्हणतीस?… हाव. टाकली. सकाळीच टाकली कंप्युटरवर पायथनची नवीन आवृत्ती. …तोच गं, तुझ्या भावानं नांदेडहून एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेला पेनड्राइव्ह. …चालली. म्हणजे चालली, आणि न्हाई चालली.

अगं ऐक ना, आधी चांगलं सांगते. मराठी येतंय मादू! सरळ मराठी. …हाव, काही करावं लागत न्हाई. चाकूर लिहिलं की चाकूरच दिसतंय. आठवतं का, कॉलेजात तू अर्धापूर लिहिलं होतंस, आणि पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा अन् आकडे? सर म्हणाले होते, हे काय कोंबडी नाचली का. …हां, तेच ते. आपण प्रोग्राम लिहायचो त्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ते सगळं गेलं. त्यासाठीच तर टाकली मी. शेषेरावदादांना इंग्रजी अक्षरं लागत न्हाईत, लेकीकडून यादी वाचून घ्यावी लागते.

शेषेरावदादा गं, टँकरवाले. ईश्वरप्पा काकांचा टँकर चालवतात ते. …तेच काका, आमच्या मामंजींचे चुलत भाऊ, अडतवाले. त्यांनीच ना हा दुष्काळाचा टँकर सुरू केला वस्त्यांसाठी. कुठं कधी जायचं त्याची यादी मी काढून देते म्हणून सांगितलं होतं की तुला.

बाकी बदल? प्रोग्रामात प्रिंट लिहिलं की पुढं कंस लागतो आता. …प्रत्येक ठिकाणी, हाव. अर्धी सकाळ त्यातच गेली. एक हात हिच्या वेणीत, एक हात कंसात. आणि भागाकार बदललाय. …विसरलीस ना? केळी मोजून मोजून सगळं विसरलीस. बरं, केळीतच सांगते, अर्धापूरकरीणबाई. पाच केळी दोघांत वाटली, तर जुनी म्हणायची दोन-दोन. उरलेलं केळ कुणी खाल्लं, विचारायचं न्हाई. नवी म्हणते अडीच-अडीच. …हो ना? इमानदार आहे नवी. लई इमानदार आहे.

…काही न्हाई. आवाजाला काय झालंय माझ्या? काही न्हाई झालं.

…

मादू, लई मोठी चूक झालीय गं माझ्याकडून.

न्हाई, नवऱ्याचं न्हाई काही. यादीचं. ऐक. रोज टँकरच्या दोनच फेऱ्या, आणि वस्त्या ढीगभर. मग आधी कुठं? तर जिथं टँकर जाऊन जास्त दिवस झाले, तिथं आधी. …हाव, तूच म्हणाली होतीस, साधं ठेव. साधंच आहे. वस्तीपुढं दिवस. मोठा आकडा वर, लहान खाली. वरच्या दोन नावांना पाणी.

आज नवीवर चालवलं, तर ती खडकवस्तीच्या नावापाशी अडली. बाकी वस्त्यांना टँकर एकदा तरी गेलेला, हिच्यापुढं दिवसांची जागा रिकामी. तांबडी ओळ. म्हणते, एकीकडं आकडा आणि एकीकडं रिकामं, यात मोठं कोण ते मला ठरवता येत न्हाई. …बंदच पडली. एक नाव काढंना.

मीही हेच म्हणाले, तुझ्यासारखंच! काय नखरे आहेत, जुनी बरी होती, काही न विचारता यादी काढून द्यायची. आणि मग… मग डोक्यात आलं. जुनी त्या रिकाम्याला काय समजत होती?

…आठव की.

…हां. सगळ्यात लहान. शून्याहूनही लहान. कुणाला न विचारता.

म्हणजे खडकवस्ती रोज तळाला. …न्हाई गं, उद्या वर येईल असं न्हाई ना! बाकीच्यांचे दिवस वाढतात, त्या वर येतात. रिकाम्याचं काय वाढणार? जिथं टँकर एकदा गेला, तिथं परत परत जाणार. जिथं कधीच गेला न्हाई, तिथं कधीच जाणार न्हाई. हे मी लिहिलंय, मादू. माझ्या हातानं.

रिकामं का ठेवलं…

…माहितीय. सांगितलं होतंस तू. जिथं अजून गेलाच न्हाई तिथं नऊशे नव्याण्णव टाक, म्हणाली होतीस. टाकायला बसलेही होते. हात चालंना. …आमच्या सासूबाई तुला ठाऊक आहेत ना? पीठ संपलं म्हणायचं न्हाई, पीठ वाढलं म्हणायचं. मीठ वाढलं, कुंकू वाढलं. दिवासुद्धा विझवायचा न्हाई, वाढवायचा. संपलं म्हटलं की देवघराकडं बघून कानाला हात लावतात. त्या घरात राहून माझीही जीभ तशीच झाली, आणि हातही. लेकराबाळांची वस्ती, तिच्यापुढं नऊशे नव्याण्णव दिवस पाणी न्हाई असं कसं लिहू? शाप दिल्यागत वाटलं. म्हटलं, राहू दे रिकामं. पहिली फेरी झाली की आकडा आपोआप येतोय.

…हसत न्हाईस? तू हसली असतीस तर बरं झालं असतं.

न्हाई, अजून आहे. याच्याहून वाईट आहे. पेनड्राइव्ह पाडव्याच्या सुमाराला आला, तेव्हाच एकदा टाकली होती मी. तेव्हाही तिथंच अडली होती. तीच ओळ, तेच तांबडं. …वाचलंच न्हाई मी! …हाव, ताप होता हिला. पण खरं सांगू का, तेव्हा झोपली होती ही. वाचायला फुरसत होती मला. वाचलं न्हाई. म्हटलं नव्याची नाटकं, काढून टाकली, जुनी परत बसवली. मादू, तिनं तोंडावर सांगितलं होतं. मी तिचं तोंड बंद केलं.

थांब… हिनं कूस बदलली.

…

झोपली. हां, बोल.

दुरुस्त केलं गं, केलं. एक ओळ लागली. एक! रिकामं असेल तर सगळ्यात वर धर. झालं. आजच्या यादीत खडकवस्ती पहिली, आणि मराठीत. …न्हाई, काकांना पाठवली न्हाई अजून. …कशी पाठवू? शेषेरावदादांचं काय मग?

अगं, काल त्या वस्तीची साखराबाई थेट अडत दुकानात आली. भरल्या बाजारात. रिकामी घागर काकांच्या गादीपुढं उपडी ठेवली, आणि म्हणाली, ईश्वरप्पा, तुमचा टँकर आमच्या माळाखालून धुरळा उडवत जातो अन् वर चढत न्हाई, आमाला धुरळाच प्यायला देऊन राहिलाव का? …हाव ना. आणि त्या वस्तीला सरकारी टँकरही न्हाई. या जिल्ह्याचे म्हणतात वस्ती त्या जिल्ह्यात, ते म्हणतात या जिल्ह्यात. जिल्हे नवे झाले, हद्दी आखल्या, हे मधल्या मध्ये राहिले. आता उदगीर जिल्हा होणार, होणार चाललंय, म्हणजे तिसरेही म्हणतील थांबा.

मग काय, काकांची मान खाली गेली सगळ्यांपुढं. शेषेरावदादांना विचारलं. ते म्हणाले, मालक, माझ्या मोबाईलवर त्या वस्तीचं नावच आलं न्हाई कधी. …काका वाचतात कुठं गं? मी पाठवलेलं सरळ पुढं ढकलतात. म्हणाले, कंप्युटर सगळ्यांची पाळी लावतो, तो खोटं बोलत न्हाई. म्हणजे तूच नाव खोडलंस आणि पाणी मध्ये विकलंस. …आणि आमचे मामंजी तिथंच बसलेले! म्हणाले, माझ्या सुनेनं केलंय ते, चुकायचं न्हाई. …अशी मान ताठ करून सांगितलं म्हणे. रात्री घरी येऊन मला म्हणतात, बेटा, तुझ्यामुळं चोर सापडला.

…जेवण गेलं न्हाई, हाव.

तेव्हा माहीत नव्हतं गं मला! रात्री मलाही वाटलं, असेल. विकलं असेल. पाण्याला काय भाव आहे सध्या. …हो ना, मीही तसंच म्हणाले त्यांच्या सुरात. तेही माझ्याच खात्यावर.

काय?… नेटवर्कचा घोळ झाला म्हणून सांगू?

…तू म्हणायच्या आधीच लिहून ठेवलाय मेसेज. “काका, नेटवर्कमुळे एक नाव पुढे जात नव्हते.” नुसतं बोट लावायचं राहिलंय. …हाव, शेषेरावदादा सुटतील. मीही सुटेन. मामंजींची मानही ताठ राहील. …बरोबर आहे तुझं. कुणाचंच वाईट होत न्हाई.

मग का पाठवत न्हाई, काय की.

…जुनी आवृत्ती हेच करत होती ना गं. अडचणीचं असेल ते गपचूप तळाला ढकलायचं, आणि यादी देऊन मोकळं.

न्हाई, शहाणपणा न्हाई शिकवत तुला. मीच परेशान आहे. …थांब. थांब थांब, मध्ये दुसरा फोन वाजून राहिला. …काकांचा. …अगं काकांचाच! ठेवू नकोस तू. मादू, ठेवू नकोस हं.

…

हॅलो… हां काका, नमस्कार. शिवकांता बोलते. …हो, उशीर झाला आज. यादी तयार आहे. …न्हाई, मामंजी बाहेर गेलेत. …काय?

दादांकडून टँकरची चावी काढून घेतली?… आत्ता?… तिथंच बसलेत का ते? …गुरुपादप्पांच्या पोराला बसवणार गाडीवर. …हां. …हां, ऐकते.

काका, थांबा. एक मिनिट. ते… नेटवर्क…

…

न्हाई. नेटवर्क न्हाई, काका. खडकवस्तीचं नाव माझ्याकडूनच येत नव्हतं. …न्हाई, कंप्युटर न्हाई चुकला. मी. पाळी तशी लिहिली होती मी. …पहिल्या दिवसापासून. …न्हाई काका, मला कुणी फोन केला न्हाई. कुणी सांगायला लावलं न्हाई. शेषेरावदादांच्या मोबाईलवर ते नाव कधी गेलंच न्हाई, ते खरं बोलत होते. एक घागर विकली न्हाई त्यांनी.

…

हो.

…हो काका. बरोबर आहे. …न्हाई, मामंजींना तुम्ही सांगू नका. मी सांगते. …आजच सांगते.

कुणाकडं?… बरं. द्या. द्या त्यांच्याकडं.

शेषेरावदादा… मी शिवकांता. ती यादी पाठवते ती. तुम्ही ऐकलंत ना आत्ता… हो. मीच.

…बोला. बोला तुम्ही. ऐकून राहिले मी.

…हो.

…हो.

…तुमच्या लेकीला? दारात उभं राहून? …पाणीचोराची पोरगी… कोण म्हणालं?… न्हाई दादा, मला माहीत नव्हतं. …हो, मला काहीच माहीत नव्हतं. माफी… हो. बरोबर आहे. माफी मागून काय होतंय.

मी येईन तुमच्या घरी. तुमच्या शेजाऱ्यांपुढं सांगेन. …नको म्हणालात तरी येईन.

पण आज गाडी न्याल का दादा? आजच्या दिवस? खडकवस्ती पहिली आहे… …चढाची वाट? कुठून चढतोय टँकर वर… मला न्हाई माहीत. …न्हाई. मी कधी गेले न्हाई तिकडं.

…हो. कधीच न्हाई.

…साखराबाईंना विचारा, त्या सांगतील. माझं नाव सांगा त्यांना. तुमचं नको, माझं सांगा. …दादा?… हॅलो? शेषेरावदादा?…

…

मादू? आहेस का?

सांगितलं.

…रडत न्हाई. नाक भरलंय नुसतं. …काकांनी फोनच दादांच्या हातात दिला गं. म्हणाले, याला सांग तू. …हाव, शेषेरावदादांशीही बोलले. आज गाडी नेतो म्हणाले. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा म्हणाले, मालकानं पण आणि तुमच्या त्या कंप्युटरनं पण. …राग का नसावा? मला तर बरं वाटलं रागावले ते. न्हाई, बरं न्हाई वाटलं. काय वाटलं ते सांगता येत न्हाई मला.

थांब, यादी आधी पाठवते… गेली. …हाव, खडकवस्तीच वर आहे.

ठेवते आता. रुद्राणी उठली. …आत्ता न्हाई बहुतेक, मघाशीच उठलीय. डोळे मिटून सगळं ऐकत पडली होती. …हो, हो, फोन करेन रात्री. ठेवते गं.

ये राजा, ये. केस बघ कसे झाले. …काय? कुणाशी न्हाई, मादूमावशीशी बोलत होते. …न्हाई, रडले न्हाई.

“आई, त्यांच्याकडं टँकर आलाच नव्हता?”

न्हाई, बाळा.

“एकदापण न्हाई?”

एकदापण न्हाई.

“मग एवढे दिवस ते काय प्यायले?”