शिवलेला खिसा

आबा : ती गेल्याचा फोन आला, तेव्हा हाच झगा माझ्या मांडीवर होता. आजारपणात तुझी आजी बारीक झाली होती. बरी होऊन पुन्हा नाटकात दाईच्या कामाला उभी राहील, म्हणून कमरेत दोन इंच आत घेत होतो.

नात : तरीच मला श्वास घेता येत नाहीये.

आबा : श्वास नंतर घे. आधी सरळ उभी राहा, टाचणी टोचेल.

नात : बावीस वर्षांची दाई! मी नायिका मागितली, तर दिग्दर्शक म्हणतात, तुझ्या चेहऱ्यावर समजूतदारपणा आहे.

आबा : लांबून पाहिलं असेल त्यांनी.

नात : आबा! बरं, तीस वर्षं तुम्ही या नाटकाचे कपडे शिवताय. शेवटी नायक-नायिका नदीत जीव देतात, त्यात चूक कोणाची?

आबा : मोठ्यांची. दोघांचे बाप एका भिंतीवरून भांडत बसले. पोरं कुठे आहेत, हे बघायला वेळ कोणाला?

नात : आणि दाई?

आबा : ती तर पहिली! त्याचं पत्र पोरीला द्यायचं सोडून खिशात घेऊन फिरली. म्हणे, योग्य वेळ पाहून देईन.

नात : आजी म्हणायची, दाईचा जीव होता पोरीवर.

आबा : जीव होता, तर पत्र द्यायचं होतं. यावरून आम्ही दर प्रयोगानंतर भांडायचो.

नात : पटलं. पण मी ते पत्र ठेवू कुठे? खिसा शिवलाय.

आबा : कमरेला खोच.

नात : अख्ख्या नाटकात एकच खिसा कामाचा, आणि तुम्ही नेमका तोच शिवलात? तोही दुहेरी टीप घालून?

आबा : कात्री खाली ठेव.

नात : उसवलासुद्धा. अय्या! आत खरंच पत्र आहे, आणि यावर माझं नाव आहे. आबा, हे आपल्या लाइटवाल्याचं अक्षर आहे.

आबा : आजीकडे दिलं होतं त्याने. त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. राहून गेलं.

नात : तिचं राहून गेलं. तुमचं काय? न सांगता परगावी गेला म्हणून तीन महिने मी त्याला शिव्या घालतेय!

आबा : ऐकल्या मी. काही तर मला नव्याच होत्या.

नात : वाचलंत हे?

आबा : तीनदा. लग्नाचं विचारलंय. नकार असेल तर उत्तर देऊ नकोस, पुन्हा त्रास देणार नाही, असं लिहिलंय.

नात : आणि मी इकडे अकडून बसले!

आबा : सुरुवातीला मला काही सुचतच नव्हतं. मग वाटलं, तूही गेलीस तर घरात मी आणि शिलाई मशीन. म्हटलं, योग्य वेळ पाहून देऊ.

नात : हे दाईचं वाक्य आहे, आबा.

आबा : माहीत आहे.

(नात फोन त्यांच्या हातात देते.)

नात : नंबर काढून दिलाय. पत्र कोणी दाबून ठेवलं, ते तुम्हीच सांगा त्याला.

आबा : मी? मला कुठे बोलता येतं? मी कपडे शिवणारा माणूस.

नात : आत्ता तर दोन्ही बापांची अक्कल काढत होतात.

आबा : आधी तुझी कमर सैल करू का?

नात : आधी फोन.

आबा : चष्मा कुठे गेला माझा?

नात : डोक्यावर.

आबा : हं. सांगतो. म्हणतो, म्हातारा चुकला. एवढं पुरे ना?

नात : पुरे. पण आबा, हिरवं बटण तुम्ही अजून दाबलेलं नाही.