चष्मेवाल्याचं इंजिन

...आणि वर आमची ही मलाच म्हणते, "लाज नाही वाटली? घरातला माणूस गेलाय आणि तुम्ही कपाटात डोकावताय!" डोकावताय म्हणजे काय हो? मी काय घरून ठरवून निघालो होतो, की चला, आज सांत्वनाला जाऊ आणि जरा डोकावून येऊ? आता तुम्हीच सांगा, नजर काय आपल्या बापाची नोकर आहे, बस म्हटलं की बसायला?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तिच्याच बाजूचे व्हाल. सगळेच होतात.

तर आमचा चष्मेवाला गेला. चष्म्याचं दुकान होतं म्हणून चष्मेवाला. नाव होतं त्याला, पण आमच्यात नावानं हाक मारतंय कोण? आम्ही चौघं. चष्मेवाला, पोस्टमास्तर, कवळीवाला म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा, आणि मी. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. छत्तीस वर्षं! सगळा जन्म वर-खाली, वर-खाली... म्हटलं रविवारी तरी काहीतरी आडवं जाणारं असावं! म्हणून लागलो या छोट्या आगगाड्यांच्या नादी. खेळण्यातल्या म्हणायची सोय नाही बरं का. पोस्टमास्तर अंगावर येतो. "मॉडेल म्हणा, मॉडेल! खेळणं म्हणजे तुमच्या लिफ्टची बटणं!"

दर रविवारी दुपारी चष्मेवाल्याच्या घरी, आतल्या खोलीत आमचा अड्डा. खोलीभर एक टेबल, टेबलावर रूळ, बोगदा, पूल, स्टेशन. दार आतून बंद. तीन वाजले की दारावर दोनदा टकटक, बाहेर स्टुलावर चहाचे चार कप. कोण ठेवायचं? वहिनी. चष्मेवाल्याची बायको. तुम्हाला सांगतो, अठरा वर्षं त्या बाईच्या हातचा चहा प्यालो, पण बाई दिसायची ती फक्त पाठमोरी, स्वयंपाकघरात वळताना.

आणि आमच्यात एक नियम. नवीन माणूस आला की त्यानं सांगायचं, कुठल्या इंजिनानं पहिल्या नजरेत तुला गार केलं? पोस्टमास्तरचं लाल शंटिंगचं इंजिन. सहा वर्षांचा असताना, गोवर अंगावर असताना कुणाच्या तरी खिडकीत दिसलं, म्हणे ताप तिथल्या तिथे उतरला. खोटं बोलतोय, पण डोळ्यांत पाणी आणून बोलतो. कवळीवाल्याचं डिझेलचं, समोरून तंतोतंत त्याच्या मोठ्या काकासारखं दिसणारं, तसाच खालचा ओठ पुढे. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं हो! मला रूळ आवडायचे, सांधे बदलायची खटकी आवडायची, पण इंजिन बघून काळजात धस्स वगैरे... छे! मग दिली ठोकून. हिरवं इंजिन, मामाचं घर, पावसाळी दुपार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मामाच नाही.

चष्मेवाल्यानं मात्र स्वतःचं कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "आहे एक. दाखवीन." अठरा वर्षं दाखवीन, दाखवीन... आणि एका मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर उचलता उचलता खाली बसला तो बसलाच.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो भेटायला. पोस्टमास्तर, कवळीवाला, मी आणि आमची ही. बाहेरची खोली चिंचोळी, शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आतल्या खोलीचं दार उघडं, आणि टेबलावर, डोंगर-पूल-स्टेशन सगळ्यावर, एक पांढरी चादर अंथरलेली. म्हटलं, बघू नको तिकडे. म्हणून नजर वळवली, तर समोर काचेचं कपाट, कपाटात त्याचा फोटो, आणि फोटोच्या शेजारी...

काय सांगू तुम्हाला!

काळंभोर. वाफेचं. वीतभर लांब. दांड्या पितळेच्या, चाकाची एकेक आरी सुईएवढी, पुढचा दिवा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि धुराड्याला किंचित, अगदी किंचित, पुढे झुकाव, वाऱ्यात मान घालून चालणाऱ्या माणसासारखा. मी एकसष्ट वर्षांचा. गुडघे गेलेले. आणि छातीत असं काही हललं की मला वाटलं, आता चष्मेवाल्याच्या पाठोपाठ मीच! तुम्हाला सांगतो, लग्नात अंतरपाट... जाऊ दे, हिच्या कानावर जायचं.

वहिनी सांगत होत्या, "डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल त्यांना..." मी मान हलवतोय, च् च् करतोय, पण नजर काय आपल्या बापाची नोकर आहे? शेजारी बघतो तर पोस्टमास्तरची मान तिकडेच. कवळीवाल्यानं तर चष्मा पुसून पुन्हा लावला. चष्मेवाल्यानंच बनवून दिलेला चष्मा! त्या माणसाच्या घरी, त्याच्याच काचांतून, त्याचंच इंजिन बघतोय मेला! आमची ही माझ्या बरगडीत कोपर मारतेय. बरगडी दुखतेय. नजर तिथेच.

वहिनींच्या लक्षात आलंच. न येऊन जातंय कुठे? तीन म्हातारे, सहा डोळे, सगळे त्यांच्या डोक्यावरून पलीकडे! वहिनी उठल्या, कपाट उघडलं, इंजिन हातात घेतलं, ओंजळीत धरतात तसं.

"हे त्यांच्या कपड्यांच्या खणात होतं," म्हणाल्या. "चष्मे पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं. मला यातलं काही कळत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी घेऊन जा. पण... एक विचारू? राग नाही ना यायचा? ते तिथे आत... माझ्याबद्दल काय बोलायचे?"

झालं! कुणी असं म्हणालं नव्हतं हो, की जो सांगेल त्याला इंजिन. पण इंजिन त्यांच्या हातात, प्रश्न त्यांच्या तोंडात. माणसाचं मन म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. फार घाण जागा आहे.

पोस्टमास्तर तर खुर्चीतून अर्धा उठलाच. "अहो वहिनी, काय विचारता! सारखं तुमचंच! म्हणायचा, माझं घर म्हणजे स्टेशन आणि ही म्हणजे स्टेशनमास्तर!"

वहिनी म्हणाल्या, "असं? मला तर त्यांनी कधी त्या खोलीत झाडूसुद्धा मारू दिला नाही."

पोस्टमास्तर बसला.

मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही त्यांच्या शेजारीच बसायचात ना? तुम्हाला तर माहीत असेल."

माहीत होतं! तेच तर दुखणं आहे! अठरा वर्षांत चष्मेवाला बायकोबद्दल एकदा, एकदाच बोलला होता. गाडी फिरत होती, बाहेरून वहिनींची हाक आली, काहीतरी गॅस संपल्याचं. त्यानं उत्तर दिलं नाही. शांतपणे गाडी थांबवली, आणखी एक डबा जोडला, पुन्हा सोडली, आणि मला म्हणाला, "तिचा आवाज आला की मी एक डबा वाढवतो. खडखड वाढते, ऐकू येत नाही." आणि हसला. आणि मी... मीही हसलो होतो हो.

आता हे सांगू? आणि तेवढ्यात वहिनी स्वतःच म्हणतात, "परवा चादर घालताना मोजले, गाडीला चौदा डबे होते. शेवटी शेवटी तर इकडे भिंतीवरचं घड्याळ हलायचं. मी स्वयंपाकघरात ऐकायची आणि म्हणायची, असू दे, आज खुशीत दिसतात."

चौदा!

हिरवं इंजिन, पावसाळी दुपार, नसलेला मामा... आयुष्यभर थापा मारलेला माणूस मी, आणि त्या दिवशी एक थाप सुचेल तर शपथ! एवढी एक साधी, गोड थाप! पण डोक्यात ते डबेच खडखडत होते, एकामागे एक, चौदा. मी म्हटलं, "नाही हो वहिनी. तो तुमच्याबद्दल... कधी काही बोलला नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

वहिनींनी मान हलवली. जणू दुधाचा हिशेब बरोबर निघाला. आणि आमच्या हिनं माझ्याकडे असं बघितलं... कोपर परवडलं.

मग बोलला तो कवळीवाला. तो कधी बोलत नाही, तोंड उघडलं तर दुसऱ्याचं उघडायला सांगायला. जमिनीकडे बघत म्हणाला, "मला एकदा म्हणाला होता. लग्नाआधी तुम्ही दुकानात चष्म्याला आलात, तेव्हा त्यानं नंबर मुद्दाम चुकवला. तुम्ही परत यावं म्हणून."

वहिनी उभ्या होत्या त्या खाली बसल्या.

"नंबर चुकला होता," म्हणाल्या. "पहिल्यांदा चुकलाच होता. आठ दिवस डोकं दुखत होतं माझं. मी त्यांना अजून... अजून टोमणा मारायची त्यावरून. त्यांनी एकदाही सांगितलं नाही." आणि मग ती बाई रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा, असं शेजारीण नंतर म्हणाली. आमची ही उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. आम्ही तिघं म्हातारे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसलो, आणि इतका वेळ हटेना ती नजर, आता वर उचलेना!

इंजिन कवळीवाल्याला मिळालं. त्याच फडक्यात गुंडाळून दिलं, आणि वर म्हणाल्या, "येत जा भावजी. आणखी काय आठवेल ते सांगत जा."

जिन्यात मी त्याला धरला. "काय रे, तुला कधी म्हणाला तो हे? मी कुठे मेलो होतो तेव्हा?"

कवळीवाला दोन पायऱ्या उतरला, थांबला. म्हणाला, "तो नाही म्हणाला. ते माझं आहे. लग्नाआधी मी माझ्या होणाऱ्या सासूची कवळी मुद्दाम सैल बसवली होती. आईला घेऊन मुलीनं परत यावं म्हणून. तीनदा आली." मग आणखी एक पायरी उतरून म्हणाला, "बायकोला सांगायचं राहूनच गेलं. सहा वर्षं झाली तिला जाऊन. म्हटलं, कुठेतरी कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

पोस्टमास्तर हसायला गेला, पण जमलं नाही. कवळीवाला निघाला, इंजिन काखेत, डोकं खाली. दर रविवारी जातो आता. वहिनी विचारतात, तो सांगतो. स्वतःच्या संसारातलं एकेक काढून त्यांच्या संसारात टाकतो. परवा मला म्हणत होता, "आता फार उरलं नाही रे." इंजिन? फडकं अजून सोडलेलं नाही त्यानं. म्हणतो, धीर होत नाही.

आणि मी? मी आमच्या हिच्याबरोबर घरी आलो. सगळा रस्ता ही गप्प. अहो, ही गप्प म्हणजे... लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं पहिली पाच मिनिटं गप्प असतात ना, तशी! दारात कुलूप काढता काढता म्हणाली, "अहो, अठरा वर्षं तुम्हीही जात होतात तिथे. तुम्ही काय बोलायचात माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "अगं, तू म्हणजे..." आणि पुढे शब्द नाही. चाळीस वर्षांची बायको, आणि पुढे शब्द नाही! ती म्हणाली, "राहू दे. घाई नाही." आणि आत जाऊन दिवा लावला. त्याला झाले दोन महिने. ती पुन्हा विचारत नाही, मला काही सुचत नाही. बोलायला जातो आणि मला माझ्याच बोलण्यात डबे ऐकू येतात. खरं बोलावं तर बोललेलं काही नाही, खोटं बोलावं तर ती समोरच बसली होती, खोटं कसं बोलतात ते बघून आली आहे!

म्हणून तर तुम्हाला एवढं धरून बसवून सांगतोय. तुम्ही परके, तुमचे चेहरे भले दिसतात. माझं वय झालंय, गुडघे गेलेत, छाती मधूनच हलते. उद्या माझं काही बरंवाईट झालं आणि आमच्या हिनं तुम्हाला बोलावून विचारलं, तर एवढं करा हो... काहीतरी बरं सांगा. माझी पाच इंजिनं आहेत. एकेक वाटून घ्या.